क्वांटम हॉल प्रणालीतील काठ-अवस्था व त्यांमधील टनेलिंग : एक ऐतिहासिक समालोचन

१. प्रास्ताविक

भौतिकीच्या इतिहासात काही प्रश्न असे आढळतात की, त्यांचे उत्तर प्रथम विलक्षण अचूकतेने हाती येते आणि त्या उत्तरामागील कारण मात्र पुढे कित्येक वर्षे शोधावे लागते. क्वांटम हॉल परिणाम हा अशा प्रश्नांपैकीच होय. इलेक्ट्रॉनांच्या द्विमितीय स्तरावर प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावून तापमान केवल शून्याच्या निकट नेले असता त्या स्तराचा आडवा रोध २५,८१२.८०७ ओहम या राशीस पूर्णांकाने भागून येणाऱ्या मूल्यांवर स्थिरावतो. नमुना सिलिकॉनचा आहे की गॅलियम आर्सेनाइडचा, त्याची रुंदी किती, त्यात अशुद्धी किती, यांपैकी कशाचाही या मूल्यांवर परिणाम होत नाही. निरनिराळ्या पदार्थांच्या नमुन्यांतून मिळालेली मूल्ये एक अब्जांशाहूनही सूक्ष्म मर्यादेपर्यंत जुळतात.

ही अचूकता एका अभावावर उभी आहे. अशा स्तरातील प्रवाह नमुन्याच्या काठांलगत वाहतो. एका काठाने तो पुढे जातो व समोरच्या काठाने परत येतो. या दोन काठांमधील अंतर्भाग ओलांडून इलेक्ट्रॉनास पलीकडे जाता येत नाही, म्हणूनच मूल्य अचूक राहते. हे अंतर कृत्रिमरीत्या कमी केले, तर इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेची भिंत न चढता तिच्यातून पार होऊन, पलीकडच्या काठावर जाऊ लागतो आणि अचूकता ढळते. परंतु जे रोधमापनास विघातक, तेच काठाचे स्वरूप जाणण्यास उपकारक ठरले. काठाच्या अंगी अंतर्भागाइतकीच सार्वत्रिकता आहे काय, की तो प्रत्येक नमुन्यागणिक निराळा असतो, हा प्रश्न टनेलिंगच्या प्रयोगांनीच उपस्थित केला. आणि त्याचा निर्णय लागण्यास सुमारे तीन दशके लागली. त्या वादाचा इतिहास हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. दोन स्वतंत्र परंपरा

या विषयात दोन निराळ्या परंपरांचा संगम झालेला आहे. पहिली परंपरा हॉल परिणामाची. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्‍री रोलंड यांच्या हाताखाली अध्ययन करणारे एडविन हॉल यांना मॅक्सवेल यांच्या विद्युत् व चुंबकत्व यांवरील ग्रंथातील एका विधानाबद्दल शंका आली. चुंबकीय क्षेत्रातील यांत्रिक प्रेरणा वाहकावर घडते, प्रत्यक्ष प्रवाहावर नव्हे, असे ते विधान होते. हॉल यांनी १८७९ मध्ये काचेवर बसविलेल्या सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह सोडला, वर्खाच्या पृष्ठास लंब असे क्षेत्र लावले आणि प्रवाहाच्या आडव्या दिशेने निर्माण होणारा विद्युत् दाब मोजला. इलेक्ट्रॉनाचा शोध त्या वेळी लागावयाचा होता. वाहक जितका पातळ तितका परिणाम अधिक, हे या प्रयोगाचे मर्म पुढील शतकात द्विमितीय स्तरापर्यंत जाऊन पोहोचले.

दुसरी परंपरा टनेलिंगची. अणुकेंद्रातून आल्फा कण बाहेर कसा पडतो, याचे स्पष्टीकरण १९२८ मध्ये गॅमो यांनी आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी पुंजयामिकीच्या आधारे दिले. घन पदार्थांत ही क्रिया प्रत्यक्ष उपयोगात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने एसाकी (१९५७) व येव्हर (१९६०) यांना जाते. येव्हर यांच्या प्रयोगाचे महत्त्व विशेष आहे. दोन धातूंमध्ये अत्यंत पातळ निरोधक थर ठेवून त्यातून जाणारा प्रवाह विद्युत् दाबानुसार कसा बदलतो एवढेच त्यांनी पाहिले, आणि त्या एका आलेखातून अतिसंवाहकाच्या ऊर्जापटातील फट उघड झाली. टनेलिंग हे पदार्थाच्या अंतरंगाची साक्ष काढण्याचे साधन आहे, ही जाणीव तेव्हापासून दृढ झाली. ज्या पदार्थात इलेक्ट्रॉन शिरावयाचा, तेथे त्याला सामावून घेणाऱ्या अवस्था किती आहेत, याचाच हिशेब टनेलिंगचा प्रवाह देत असतो.

३. काठाची कल्पना

चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा सलग नसून पायऱ्यांच्या स्वरूपाच्या असतात, हे लांडाउ यांनी १९३० मध्ये दाखविले. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन-स्तर खरोखरीच द्विमितीय असतो, हे फाउलर, फँग, हॉवर्ड व स्टाइल्स यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. या पार्श्वभूमीवर क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्रबळ चुंबकांच्या प्रयोगशाळेत आपली प्रसिद्ध मापने केली. १८ टेस्ला क्षेत्र व १.५ केल्व्हिन तापमान असताना आडवा रोध सपाट पायऱ्यांवर थांबतो आणि त्याच वेळी प्रवाहाच्या दिशेतील दाबाची घट जवळजवळ नाहीशी होते, असे त्यांना आढळले. पायऱ्यांची मूल्ये केवळ प्लांकचा स्थिरांक व इलेक्ट्रॉनाचा भार यांवर अवलंबून होती. या कार्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतक्या अशुद्ध पदार्थात इतके शुद्ध मूल्य का मिळावे, याचे उत्तर लाफलिन यांनी १९८१ मध्ये सममितीच्या युक्तिवादाने दिले. त्या युक्तिवादात नमुन्याच्या सीमेस गौण स्थान होते. बर्ट्रंड हॅल्पेरिन यांनी १९८२ मध्ये सीमेकडे लक्ष वेधले. नमुन्याच्या कडेशी इलेक्ट्रॉनांना आत लोटणारे वर्चस् चढत जाते, त्याबरोबर लांडाउ पायऱ्याही वर चढतात व फर्मी ऊर्जेस छेदतात. जेथे हा छेद होतो, तेथे प्रवाह वाहणाऱ्या अवस्था असतात. अभिजात चित्रात सांगावयाचे तर, अंतर्भागातील इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरत जागच्या जागी राहतो; काठावरील इलेक्ट्रॉनाचे वर्तुळ भिंतीवर आपटून अपुरे राहते व तो टप्प्याटप्प्याने एकाच दिशेने पुढे सरकतो. वाटेत अशुद्धी आली तरी तो तिला वळसा घालून पुढेच जातो, कारण मागे जाण्याची अवस्था त्या काठावर अस्तित्वातच नाही.

या विचारास मोजमापाच्या भाषेत मांडण्याचे कार्य ब्यूटिकर यांनी १९८८ मध्ये केले. मागे परतावयाचे असेल, तर इलेक्ट्रॉनास संपूर्ण अंतर्भाग ओलांडून समोरच्या काठावर गेले पाहिजे. दहा टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनाच्या अवस्थेचा विस्तार सुमारे ८ नॅनोमीटर असतो, तर नमुन्याची रुंदी १०० मायक्रोमीटर धरली तरी ती त्याच्या बारा हजार पटींहून अधिक भरते. टनेलिंगची शक्यता अंतराबरोबर इतक्या वेगाने घटते की, या अंतरावर ती शून्यच मानावी लागते. क्लिट्झिंग यांच्या पायऱ्यांची अचूकता अशा रीतीने काठांच्या परस्परविरहाशी जोडली गेली.

४. घातांक तीन

दरम्यान विषयास अनपेक्षित वळण लागले होते. त्सुई, स्टॉर्मर व गोसार्ड यांनी १९८२ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशुद्ध स्तरात १/३ या अपूर्णांकावर पायरी पाहिली. स्वतंत्र इलेक्ट्रॉनांच्या उपपत्तीत या पायरीस स्थान नव्हते. लाफलिन यांनी १९८३ मध्ये ती इलेक्ट्रॉनांच्या परस्पर-अपसारणातून निर्माण होणाऱ्या एका नव्या द्रवाची खूण आहे असे दाखविले. त्या द्रवातील उत्तेजने इलेक्ट्रॉनाच्या भाराच्या एक-तृतीयांश भार वाहतात. या शोधाबद्दल लाफलिन, स्टॉर्मर व त्सुई यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अशा द्रवाचा काठ कसा असेल? हा प्रश्न शियाओ-गांग वेन यांनी १९९० च्या सुमारास हाती घेतला. एकमितीय वाहकात इलेक्ट्रॉन स्वतंत्र राहू शकत नाहीत, एकाची हालचाल संपूर्ण रांगेस हलविते, हे टोमोनागा (१९५०) व लटिंजर (१९६३) यांच्या कार्यातून ज्ञात झाले होते. वेन यांनी दाखविले की, अपूर्णांकी द्रवाचा काठ हा असाच, परंतु एकाच दिशेने वाहणारा लटिंजर द्रव असतो. सामान्य लटिंजर द्रवात टनेलिंगचे घातांक परस्परक्रियेच्या तीव्रतेनुसार बदलतात. एकदिश काठाच्या बाबतीत मात्र ते अंतर्भागावरून ठरतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १/३ द्रवाच्या काठावर एक इलेक्ट्रॉन घालणे म्हणजे तीन अंशभारी उत्तेजने एकदम घालणे होय. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली असता तरंगफलाचे चिन्ह बदलले पाहिजे, या अटीमुळे टनेलिंगचा घातांक विषम पूर्णांकाशी बांधला जातो. १/३ द्रवासाठी तो ३ आहे. सामान्य धातूतून अशा काठावर जाणारा टनेलिंग-प्रवाह म्हणून विद्युत् दाबाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात न राहता तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असावा. दाब निम्मा केला की प्रवाह एक-अष्टमांश व्हावा! येणाऱ्या एका इलेक्ट्रॉनास जागा देण्यासाठी काठावरील अवघ्या द्रवास आपली मांडणी बदलावी लागते, आणि ऊर्जा जितकी कमी तितके हे कार्य दुष्कर होते, असा याचा भौतिक अर्थ आहे. समान १/३ काठ एकमेकांसमोर ठेवून मधल्या रिक्त भागातून इलेक्ट्रॉन जात असेल, तर संवाहकता तापमानाच्या चौथ्या घाताने घटावी, असेही भाकीत केन व फिशर यांच्या १९९२ च्या कार्यातून निघाले. त्याउलट, टनेलिंग द्रवाच्या आतूनच होत असेल, तर पूर्ण इलेक्ट्रॉनाऐवजी अंशभारी उत्तेजने पलीकडे जातात आणि तापमान घटेल तसतशी ही क्रिया वाढत जाते.

घातांक बदलावयाचा झाला, तर तो हळूहळू बदलू शकत नाही. त्यासाठी द्रवाची अवस्थाच पालटावी लागेल. सिद्धान्ताचा दावा एवढा ठाम असल्यामुळे प्रयोगाने त्याची कसोटी घेणे अपरिहार्य झाले.

५. प्रयोगांची साक्ष

काठ जवळ आणण्याचे दोन मार्ग उपलब्ध होते. पहिला मार्ग विद्युत्-द्वारांचा. स्तराच्या वर धातूची दोन अणकुचीदार द्वारे ठेवून त्यांना ऋण दाब दिला असता खालील स्तर चिमटला जातो आणि समोरासमोरचे काठ एका बिंदूपाशी जवळ येतात. मिलिकेन, उम्बाख व वेब यांनी १९९६ मध्ये या पद्धतीने १/३ पायरीवर चौथ्या घाताशी सुसंगत असे वर्तन पाहिले. परंतु द्वारांनी निर्माण केलेली सीमा मऊ, उताराची असते व बिंदूपाशी द्रवाची घनताही बदलते.

दुसरा मार्ग बेल प्रयोगशाळेत फायफर व त्यांचे सहकारी यांनी विकसित केला. स्फटिक निर्वातात तोडावयाचा व त्या ताज्या, अणूच्या पातळीवर सपाट असलेल्या कडेवर लगेच नवा थर वाढवावयाचा, अशी ही पद्धत आहे. चँग, फायफर व वेस्ट यांनी १९९६ मध्ये अशा कडेवर प्रथम निरोधक थर व त्यावर भरपूर अशुद्धी मिसळलेले, धातूप्रमाणे वागणारे गॅलियम आर्सेनाइड वाढविले. या धातूसदृश भागातून काठावर होणाऱ्या टनेलिंगमध्ये घात-नियम स्पष्टपणे दिसला. भरणांक १ असताना प्रवाह व दाब यांचे प्रमाण सामान्य धातूसारखे सरळ होते. १/३ असताना ते वक्र झाले. घातांक आला तो सुमारे २.७.

तीन नव्हे, तर २.७. अन्य क्षेत्रात एवढी जवळीक यशस्वी भाकीत म्हणून गौरविली गेली असती. परंतु ज्या प्रणालीचा रोध नऊ अंकांपर्यंत जुळतो, तिच्याच काठाचे मूल्य दहा टक्क्यांनी चुकावे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. १९९८ मध्ये ग्रेसन व सहकारी यांनी भरणांक सलग बदलीत मापने केली, तेव्हा अडचण अधिकच वाढली. जेन यांच्या १९८९ च्या संयुक्त-फर्मिऑन कल्पनेवर आधारलेल्या उपपत्तीनुसार भरणांक १/३ ते १/२ या पट्ट्यात घातांक ३ वरच स्थिर राहावयास हवा होता. प्रत्यक्षात तो भरणांकाच्या व्यस्त प्रमाणात अखंड घसरत गेला. अंतर्भागात जेथे पायरीच नव्हती, तेथेही काठावर घात-नियम टिकून होता. पायऱ्यांच्या विषयात काठावर पायरी नाही, असा हा विरोधाभास होता.

स्पष्टीकरणे अनेक पुढे आली. चक्लोव्हस्की, श्क्लोव्हस्की व ग्लाझमन यांनी १९९२ मध्येच दाखविले होते की, मऊ सीमेवर काठ ही रेषा नसून रुंद पट्ट्यांची मालिका असते. शॅमोन व वेन यांनी १९९४ मध्ये काठाच्या पुनर्रचनेचा विचार मांडला. त्यानुसार इलेक्ट्रॉनांचे परस्पर-अपसारण व सीमेचे वर्चस् यांच्या चढाओढीत एका काठाऐवजी विरुद्ध दिशांनी वाहणारे अधिक काठ उद्भवू शकतात. मंडल व जेन यांनी २००१ मध्ये संगणनाच्या आधारे घातांकाच्या सार्वत्रिकतेविषयीच शंका उपस्थित केली. अंतर्भाग सार्वत्रिक असला, तरी काठ नमुन्याच्या घडणीवर अवलंबून राहणार, असे मत त्या काळात बळावले.

६. समोरासमोर ठेवलेले दोन काठ

वरील प्रयोगांत इलेक्ट्रॉन धातूतून काठावर येत होता. दोन काठच एकमेकांसमोर लांबवर उभे केले तर काय होईल, हे कांग, स्टॉर्मर, फायफर, बाल्डविन व वेस्ट यांनी २००० मध्ये पाहिले. तोडलेल्या कडेवर थर वाढविण्याच्या त्याच पद्धतीने त्यांनी दोन द्विमितीय स्तर एकाच प्रतलात आणले व त्यांच्यामध्ये केवळ ८.८ नॅनोमीटर जाडीची भिंत ठेवली. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे काठ परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात व त्यांमधील अंतर इलेक्ट्रॉन-अवस्थेच्या विस्ताराएवढेच उरते.

भिंतीजवळ दोन्ही बाजूंच्या लांडाउ पायऱ्या चढतात व एकमेकींस छेदतात. टनेलिंगमुळे छेदाच्या ठिकाणी ऊर्जेची अरुंद फट पडते. फर्मी ऊर्जा त्या फटीत आली की दोन्ही काठ मिसळून जावेत व त्या अगदी मर्यादित क्षेत्र-पट्ट्यात संवाहकता वाढावी, अशी अपेक्षा होती. टी. एल. हो यांनी अशा रचनेचा विचार १९९४ मध्येच केला होता. प्रयोगात शून्य दाबाजवळ संवाहकतेचे शिखर खरोखरीच दिसले. परंतु भरणांक १ व २ यांच्या दरम्यान ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच रुंद पट्ट्यात टिकून राहिले. स्वतंत्र इलेक्ट्रॉनांच्या गणिताने ही रुंदी निघत नव्हती. मित्र व गर्विन (२००१), कोलार व सचदेव (२००२) आणि किम व फ्रॅडकिन (२००३) यांनी परस्परक्रियेच्या आधारे निरनिराळी स्पष्टीकरणे दिली. दोन काठ स्वतंत्रपणे समजले, तरी ते जवळ आल्यावर घडणारी क्रिया त्यांच्या बेरजेएवढी नसते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

७. गोंगाटातील पुरावा

सरासरी प्रवाह संदिग्ध साक्ष देत असताना त्याच्या चढउतारांनी अधिक नेमकी साक्ष दिली. प्रवाह सुट्या भारांचा बनलेला असेल, तर त्यातील गोंगाटाचे प्रमाण त्या भाराच्या प्रमाणात असते, हे शॉट्‌की यांनी १९१८ मध्ये निर्वात नलिकांच्या संदर्भात दाखविले होते. तोच न्याय लावून १९९७ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेत हाइब्लम यांच्या गटाने आणि फ्रान्समधील साक्ले येथे ग्लात्ली यांच्या गटाने चिमटलेल्या १/३ द्रवातील गोंगाट मोजला. दोघांनाही पलीकडे जाणारा भार इलेक्ट्रॉनाच्या एक-तृतीयांश आढळला. लाफलिन यांच्या कल्पनेतील अंशभाराचे टनेलिंग प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजले गेले.

भार सिद्ध झाला, तरी घातांकाचा प्रश्न शिल्लकच होता. पॅरिस येथील गटाने २०२० मध्ये अंशभारी उत्तेजनांचे दोन विरळ प्रवाह टनेलिंगच्या बिंदूवर एकत्र आणून त्यांची सांख्यिकी इलेक्ट्रॉनांहून निराळी असल्याचे दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात व्यतिकरणाच्या प्रयोगातून याच निष्कर्षास पुष्टी मिळाली.

८. ग्राफीन व प्रश्नाचा निकाल

ग्राफीन या एक अणू जाडीच्या कार्बन-स्तरात क्वांटम हॉल परिणाम २००५ मध्ये आढळला होता. ग्राफीनच्या दोन्ही बाजूंस बोरॉन नायट्राइडचे पातळ थर व त्यांपलीकडे ग्राफाइटची द्वारे ठेवली, तर द्वारे स्तराच्या अगदी निकट येतात. इलेक्ट्रॉनांची दूरवरची परस्परक्रिया त्यामुळे झाकली जाते व काठाचा आकार बराचसा हुकमी ठेवता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत अँड्रिया यंग यांच्या गटाने २०२३ मध्ये अशा नमुन्यात भरणांक १ चा काठ व भरणांक १/३ चा काठ एका बिंदूपाशी जोडले. जोड दुर्बळ असताना संवाहकता तापमान व दाब या दोहोंच्या वर्गाच्या प्रमाणात बदलली. संवाहकतेचा घात २ म्हणजे प्रवाहाचा घात ३. वेन यांचे भाकीत उतरले.

जोड सबळ केल्यावर आणखी एका जुन्या भाकिताची प्रचीती आली. सँडलर, शॅमोन व फ्रॅडकिन यांनी १९९८ मध्ये म्हटले होते की, अशा जोडाची संवाहकता क्वांटम एककाच्या अर्ध्यापर्यंत जावी. १/३ काठाने आणलेला प्रवाह एककाच्या एक-तृतीयांश मात्र असतो. पलीकडे जाणारा अर्धा भरतो. म्हणजे परत फिरणारा प्रवाह ऋण एक-षष्ठांश असला पाहिजे. धातू व अतिसंवाहक यांच्या सीमेवर घडणाऱ्या अँड्रीव्ह परावर्तनाचेच हे अपूर्णांकी रूप होय. यंग यांच्या गटास संवाहकता याच मर्यादेवर स्थिरावलेली आढळली.

खुद्द गॅलियम आर्सेनाइडच्या बाजूनेही २०२४ मध्ये उत्तर आले. फ्रान्समधील पालेझो येथील प्रयोगशाळेत गोंगाटाचे स्वरूप उष्णतेच्या प्रभावाखालून भाराच्या प्रभावाखाली कसे जाते याचे सूक्ष्म मापन करण्यात आले. त्यातून अंशभारी उत्तेजनांचे जे घातांक मिळाले, ते १/३, २/५ व २/३ या भरणांकांसाठी भाकिताशी जुळले.

९. उपसंहार

या इतिहासाचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येण्यासारखे नाही, तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे. २.७ व ३ यांमधील अंतर हे सिद्धान्ताचे अपयश नव्हते, तसाच तो मापनाचा दोषही नव्हता. सिद्धान्त एकाकी, तीक्ष्ण, एकपदरी काठाविषयी बोलत होता. प्रयोग ज्या काठावर झाले, तो बहुपदरी व मऊ असण्याचा संभव होता. जी सार्वत्रिकता अंतर्भागास विनासायास लाभते, ती काठाच्या बाबतीत परिश्रमाने साधावी लागते, एवढाच भेद होता. हा भेद ओळखण्यासाठी जी प्रदीर्घ चिकित्सा झाली, तिने काठाचे पट्टे, पुनर्रचना, परस्परविरोधी प्रवाह व अंशभारी उत्तेजनांची सांख्यिकी यांचे ज्ञान पदरात टाकले. घातांक प्रथम प्रयत्नातच ३ आला असता, तर यांपैकी बऱ्याच गोष्टींकडे लक्ष जाण्यास विलंब लागला असता.

२० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक व इलेक्ट्रॉनाचा भार ही मूल्ये आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीत निश्चित करण्यात आली असून ओहमची प्रत्यक्ष उभारणी क्वांटम हॉल नमुन्यांवरून केली जाते. त्या प्रमाणभूत नमुन्यांत दोन काठ परस्परांपासून दूर ठेवण्याची सर्व दक्षता घेतली जाते. शेजारच्याच प्रयोगशाळेत तितक्याच दक्षतेने दोन काठ काही नॅनोमीटरवर आणले जातात. रोधाचे मान पहिल्या कृतीने मिळते, आणि ते मान टिकविणाऱ्या द्रवाचा स्वभाव दुसरीने कळतो.